सोनीचा अर्धा तास

१

रविवारी सकाळी रोहा स्टेशनाबाहेर दोन कबुतरं सोडली आणि पेणला एकच पोचलं.

माणसाच्या बाबतीत असं झालं असतं तर पेणमध्ये कुणी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नसता. येईल मागच्या गाडीनं, म्हणाले असते. पण न आलेली ती सोनी होती. मानेवर सोनेरी झाक असलेली, अर्ध्या तासाची सोनी. दर रविवारी तिचा मालक दत्तात्रेय तिला टोपलीत घालून रोह्याच्या गाडीत बसायचा आणि अर्ध्या तासात सोनी एकटी परत, कौलांवर हजर. कुणीतरी शाळेतल्या नकाशावर दोरा ठेवून अंतरही काढलं होतं. पेण ते रोहा, हवेतून, तेहतीस किलोमीटर. जातिवंत कबूतर तेवढं अंतर अर्ध्या तासात कापतं असं जाणकार सांगत. हिशेब चोख जुळत होता. पेणमध्ये वेळेवर येणारी ती एकमेव गोष्ट होती म्हटलं तरी चालेल.

हा अर्धा तास काळुरामच्या डोळ्यांत सलत होता. काळुराम आणि दत्तात्रेय साडू. दोघी बहिणींशी एकाच मांडवात लग्न लागलेले. सासरा एक, जावई दोन आणि सासऱ्याच्या उजव्या हाताचा पाट एकच. त्या पाटावरून प्रत्येक सणाला दोघांची ढकलाढकली व्हायची. शेवटी काळुरामनं शर्यत लावली. त्याचा तुफान आणि दत्तात्रेयची सोनी. ज्याचं पाखरू आधी येईल, पाट त्याचा, जन्मभर.

रोह्याला पंच म्हणून वाळू नेमला आणि दोन्ही टोपल्या त्याच्याच हाती दिल्या. तो तिथल्या कंपनीत शिफ्टवर होता आणि दोन्ही साडूंना सारखाच कंटाळलेला होता, म्हणून निष्पक्ष. त्यानं एसटीडी बूथवरून फोन केला, "सोडली!" आणि सगळी आळी माना वर करून उभी राहिली.

तुफान आला. दम लागलेला, पण आला. सोनी आली नाही. दुपारचे दोन वाजले तरी नाही.

दत्तात्रेय ढाबळीपाशी, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यापाशी, डोकं धरून बसला. आणि दारात उभी असलेली त्याची बायको पुतळी हसली. थोडंसंच. पण आख्ख्या आळीनं पाहिलं.

२

तपास आपोआप हिरामणकाकांकडे आला, कारण पेणच्या बाजूचे पंच तेच होते.

हिरामण घरत रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले तरी समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांचा उजवा हात आपोआप तिकिटासाठी पुढे यायचा. एकदा मयताला गेले, तर तिथंही त्यांनी विचारलं होतं, "कुठून कुठं?" लोकांना ते फार खोल वाटलं. काका सवयीनं बोलले होते.

पहिला संशय अर्थात काळुरामवर. तो दारात तुफानला हातात घेऊन बसला होता आणि अभिनंदनाला कुणी येतं का ते बघत होता. कुणी येत नव्हतं. जाणारा-येणारा विचारत होता, "सोनीचा काय पत्ता?"

"बघा काका," काळुराम म्हणाला, "जिंकलो मी. आणि नाव कुनाचं? तिचंच! हरवली तरी तिचंच! मी तिला मारून काय करू? मेली तर तिची समाधी बांधतील हे लोक."

"तू सकाळपासून कुठं होतास?"

"गच्चीवर. तुमच्याच बाजूला. माझा घाम तुमच्या सदऱ्याला पुसला मी."

काकांनी सदरा पाहिला. खूण होती. काळुराम सुटला.

"पन काका," त्यानं आवाज बारीक केला, "जळनारा मी एकटा नाय. पुतळीला विचारा. मागल्या शिमग्याला ती सगळ्यांसमोर म्हनाली होती, एक दिस या सोनीचं कालवन करीन!"

३

दुपारच्या गाडीनं वाळू पेणला आला आणि लोकांनी त्याला स्टेशनातच गाठलं. वाळूच्या वाडीवर पूर्वी पाखरांवर गलोल चालायची, एवढ्या भांडवलावर अर्ध्या आळीनं त्याला दोषी ठरवून टाकलं होतं.

"खाल्लंस ना?" कुणीतरी थेट विचारलं.

वाळूनं शांतपणे विडी पेटवली. "खायचंच असतं तर तुफान खाल्ला असता. तो जाडा हाय."

हे इतकं पटण्यासारखं होतं की गर्दी पांगली. काकांनी हात पुढे केला. वाळूनं सवयीनं तिकीट काढून दिलं. काकांनी ते दोन्ही बाजूंनी बघून परत केलं.

"सोनी कशी उडाली रे?"

"आधी बावरली. गोल, गोल, चार-पाच घिरट्या. तुफान बावळट, पन तोसुद्धा दोन घिरट्यांत निघाला. ही आपली स्टेशन बघतेय, झाडं बघतेय. नवी नवरी सासरी बघते तशी."

"दर रविवारी येणारं पाखरू?"

"तेच तर. मना पन नवल वाटलं. मंग मात्र तिनं रूळ धरला आनि सुटली. कुंडलिकेचा पूल येईपर्यंत तिनं तुफानला मागं टाकलं होतं."

काकांनी रुळाकडे पाहिलं. सोनी रोह्याहून निघाली होती, आणि पुढे होती. म्हणजे जे झालं ते वाटेत.

"ससाना?" वाळूनं सुचवलं.

"ससाण्यानं जाडा सोडून बारीक का धरावी? तुझाच मुद्दा आहे."

४

दत्तात्रेय गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. ते काम स्थिर हाताचं. शर्यत ठरल्यापासून त्याचा हात असा कापायला लागला की दोन मूर्ती एकमेकींकडे बघणाऱ्या निघाल्या. मालकानं त्याला डोळ्यांवरून काढून उंदरांवर बसवलं.

"दत्तू, शोध घेतलास?" काकांनी ढाबळीपाशी येऊन विचारलं.

"घेतला ना, काका. बूथवरून फोन केले, गाडीतल्या मान्सांना विचारलं. रोह्याला विचारलं, निडीला विचारलं, नागोठन्याला विचारलं, पेन तर आपलंच. पुढं हमरापूर, जिते, तिथं पन निरोप दिला. म्हटलं चुकून पुढं गेली असंल. कुठं नाय."

"मग आपण दोघं रुळानं उलटं जाऊ. एकेक स्टेशन बघत."

"नको!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की ढाबळीतली उरलेली कबुतरं दचकली. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे, येईल ती. मधल्या स्टेशनांवर कशाला येळ घालवायचा? मला ठावं हाय, ती जिती हाय."

"कशावरून?"

 दत्तात्रेय रंगवायला घरी आणलेला गणपतीचा उंदीर पुसत बसला. उंदीर कोरडाच होता.

काकांनी उठता उठता बोटांवर काहीतरी मोजलं. मग पुन्हा मोजलं. एक बोट उरत होतं.

५

पुतळी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. काकांना तिनं पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, "मीच मारली असं म्हनतात ना? म्हनू द्या. मारली असती तर मी लपवलं नसतं. तिचं कालवन करून ह्यांनाच वाढलं असतं."

"एवढा राग कबुतरावर?"

"कबुतर?" पुतळीनं सूप खाली ठेवलं. "काका, आमचं लगीन झालं त्याला सात वर्सं झाली. सात वर्सांत ह्यांनी माझ्या मानेवरून कधी हात फिरवला नाय असा त्या सोनीच्या फिरवतात. आनि नाव काय ठेवलं? सोनी! कोन सोनी? रोह्याची हाय कोन? दर रविवारी रोहा, दर रविवारी रोहा. मी दर रविवारी खिसे बघते. तिकीट रोह्याचंच असतं. म्हंजे तिथं काहीतरी असंलच ना?"

काकांना हे तर्कशास्त्र नवीन होतं. तिकीट खरं निघालं की माणूस सुटतो, असा त्यांचा आयुष्यभराचा समज.

"रविवारी घरी आला की कसा वागतो?"

"ग्वाड! बडीशेप चघळत येतात. आनि रातीला जेवत नाय. पोट भरलंय म्हनतात, हवेनं. हवेनं पोट भरतं का, काका? तीच गत त्या सटवीची. आल्या आल्या दाने टाकते मी, तर चोच लावत नाय. दोघं मिळून ढाबळीत बसतात, ढेकर देत."

"कबूतर ढेकर देतं?"

"ही देते."

काकांनी ते सोडून दिलं. "तू आज जेवायला काय केलंस गो?"

"डाळ."

"रविवारी? आणि निवटे? धरमतरच्या खाडीचे निवटे काय ताजे आलेत मासळीबाजारात!"

पुतळीचा चेहरा बंद दुकानासारखा झाला. "या घरात निवटे शिजत नाय. दोन वर्सं झाली. हौसाकडं जेवून आलो होतो, दुसऱ्या दिवशी मी निवट्यांचं कालवन केलं. पहिला घास घेतला आनि हे म्हनाले, 'झकास झालंय, पन...'"

"पण काय?"

"पुढचं मी ऐकलंच नाय. 'पन' म्हनाले ना? बस. माझ्या सख्ख्या बहिनीच्या कालवनाखाली माझं कालवन? पळी खाली ठेवली ती ठेवली."

पुतळीनं पुन्हा सूप हातात घेतलं. मग पुतळी हळूच म्हणाली, आणि आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "काका, ते कबुतर नाय सापडलं तरी चालंल. माझा नवरा रविवारी कुठं जातो तेवढं सांगा. मी गाठोडं बांधून ठेवलंय. दुसरी बाई असंल तर आज दिवे लागायच्या आत मी माहेरी."

तिचं माहेर चार घरं सोडून होतं. पण ती चार घरं चालून गेलेली बाई परत येत नाही, हे काकांना ठाऊक होतं.

"एकच सांग. दत्तू रविवारी गाडीला जातो तेव्हा तू काय करतेस?"

"काय करनार? गाडीची शिट्टी आली की भात ठेवते चुलीवर. भात उतरवते तवर ही भवानी कौलावर. तिच्यावरच तर घड्याळ लावते सारी आळी. अर्धा तास."

काका पाटावरून इतक्या झटकन उठले की पाटही थोडा उठला.

"पुतळे," ते म्हणाले, "गाठोडं घे, पण माहेरी नको. संध्याकाळची गाडी धरायचीय. सगळ्यांनाच घेऊ."

६

गाडीत पाच जण होते. काका, पुतळी, मांडीवर गाठोडं. समोर दत्तात्रेय, मांडीवर रिकामी टोपली. बाजूला काळुराम आणि त्याची बायको हौसा, जी केवळ बहिणीचा संसार मोडताना आपण हजर असावं म्हणून आली होती.

"तिकीट कुठलं काढलं, काका?" दत्तात्रेयनं विचारलं.

"सांगतो. आधी मला एक सांगा. गाडी पेणहून सुटली की रोह्याला पोचायला किती वेळ घेते?"

"जवळजवळ तास," काळुराम म्हणाला.

"आणि सोनी परत कौलावर कधी? गाडी सुटल्यावर अर्ध्या तासात. पुतळीच्या भाताची साक्ष आहे. म्हणजे गाडी रोह्याला पोचायच्या आधीच सोनी रोह्याहून परत आलेली असायची."

काळुरामनं बोटं मोजली. पलीकडच्या बाकावरच्या एका अनोळखी माणसानंही मोजली.

"तेहतीस किलोमीटरला अर्धा तास, हिशेब बरोबर होता," काका म्हणाले. "इतका बरोबर, की कुणाला शंकाच आली नाही. आपण सगळ्यांनी यायची वेळ धरली. जायचंच राहून गेलं."

काळुरामचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या अर्ध्या तासावर तो वर्षभर जळला, तो अर्धा तास मुळात नव्हताच. आता कशावर जळायचं, हा प्रश्न त्याच्या कपाळावर उमटला.

"सोनी आजपर्यंत रोह्याला गेलीच नव्हती. म्हणून आज तिथं बावरली. मग ती सुटायची कुठून? अर्ध्या तासात गाडीनं जायचं, पाखरू सोडायचं आणि पाखरानं घरी यायचं, असं ठिकाण जवळच हवं. आता ऐका. बिनतिकीट माणसाला पकडलं की तो लाइनीवरची सगळी स्टेशनं सांगतो, फक्त जिथून चढला ते सोडून. दुपारी दत्तूनं मला स्टेशनं सांगितली. रोहा, निडी, नागोठणे, पेण, हमरापूर, जिते. एक बोट उरलं."

गाडीचा वेग कमी झाला. खिडकीबाहेर पिवळी पाटी आली. कासू.

दत्तात्रेयनं टोपलीत तोंड घातलं.

"रोह्याचं तिकीट काढून आधीच उतरणारा माणूस," काका हळहळून म्हणाले. "उभ्या नोकरीत असा पाहिला नाही. सगळे उलट करतात."

पुतळी उठली. गाठोडं तिनं छातीशी धरलं होतं. "चला," ती दत्तात्रेयला म्हणाली. "दाखवा मना तिचं तोंड."

७

स्टेशनामागं, शेताच्या बांधाला लागून एक कुडाचं घर होतं. अंगणात टोपली उपडी घातलेली, वर दगड ठेवलेला. टोपलीतून घुमण्याचा आवाज येत होता.

"सोनी!" दत्तात्रेय धावला. टोपली उचलली. सोनीनं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. तिचं पोट टम्म फुगलेलं होतं. मग ती ढेकरल्यासारखं काहीतरी करून गप्प बसली. काकांनी पुतळीकडे पाहिलं. "ही देते," पुतळी म्हणाली.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. पाठीत वाकलेली, तोंडात एकही दात नसलेली. "काय रे दत्तू, आज पाखराला पुढं धाडलंस? एकटंच आलं, भाताला चिकटलं. म्हटलं तू मागनं येतोयस. मांजर फिरतंय, म्हनून झाकून ठेवलं."

"शर्यतीसाठी तू तिला उपाशी सोडलीस ना?" काका दत्तात्रेयला म्हणाले. "मग झालं तर. उपाशी पाखरू आपल्या जेवणाच्या दारावरून पुढं जातं होय?"

पुतळीचं लक्ष नव्हतं. ती म्हातारीच्या मागे, घरात बघत होती. "ती कुठाय?"

"कोन ती?"

"इथली. सोनी का कोन ती."

"इथं मी एकटीच राहतंय, बाय. धोंडुबाई. नवरा गेला त्याला जमाना झाला. दुसरी कोन येनार?"

पुतळीचे खांदे उतरले. गाठोडं हातातून सैल झालं. सात वर्षांत दत्तात्रेयनं तिला इतकं सुंदर पाहिलं नव्हतं आणि तो तसं बोलणारही होता. पण तेवढ्यात वारा फिरला.

घरातून वास आला. पुतळीनं एकदा श्वास घेतला. दुसऱ्यांदा घेतला. मग ती सरळ आत गेली आणि चुलीवरच्या मडक्याचं झाकण उचललं.

निवटे.

"दर रविवारी?" ती आतूनच म्हणाली. आवाज फार शांत होता. काळुराम दोन पावलं मागं सरकला.

"पुतळे, ऐक," दत्तात्रेय दारात उभा राहून बोलायला लागला. "पहिल्यांदा रोह्यालाच निघालो होतो गो. गाडी इथं थांबली आनि खिडकीतनं हा वास आला. वर्सभर तोंडात निवटा नव्हता. पाय आपोआप उतरले. घरी मागायची सोय नव्हती. पाखराला भात घालून सोडायचो आनि जेवायला बसायचो. दुसरं काय नाय, तुझी शपथ."

"दुसरी बाई असती," पुतळी बाहेर येत म्हणाली, "तर मी रडले असते, माहेरी गेले असते, चार मान्सांनी समजूत घातली असती. पन दुसऱ्या बाईच्या हातचं कालवन? याला माहेर पुरतं का?"

 ज्या प्रकरणावर काकांनी मनातल्या मनात निर्दोष म्हणून शिक्का मारला होता, ते आता जास्तच गंभीर झालं होतं.

धोंडुबाईनं मात्र थाळी आणली. भात, वर कालवण. "आधी खा, बाय. मंग नवऱ्याला खा."

पुतळी बसली. पहिला घास घेतला. पाच माणसं आणि एक कबूतर तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिनं दुसरा घेतला. तिसऱ्याला डोळे मिटले.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

काळुराम दोन पावलं परत पुढं आला.

"आंबट काय घातलंस, आजी?"

"आंबोशी. कैरी सुकवलेली. निवट्याला दुसरं काय घालतात?"

"मी कोकम घालत होते," पुतळी स्वतःशीच म्हणाली. मग तिची मान हळूहळू बहिणीकडे वळली. "हौसे. तू?"

हौसा पदराशी चाळा करायला लागली. "आंबोशी."

"तुला कुनी सांगितलं?"

"आईनं. लगीन झालं तवा. म्हनाली, पुतळीला नको सांगू, तिच्या नवऱ्याला तसंच चालंल."

 मग पुतळी उठली, हात धुतले आणि गाठोडं उचललं.

"काका, परतीची गाडी कधी हाय? मी माहेरी चाललेय. राहायला नाय. भांडायला."

दत्तात्रेय तिच्यामागं दोन पावलं चालला, मग धीर करून तिच्या बरोबरीनं. तिनं त्याला हाकललं नाही. उलट गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि स्वतः टोपली घेतली. "ह्या दोघांना मी इतकी वर्सं उपाशी ठेवलं," ती टोपलीतल्या सोनीला म्हणाली, "आनि मला आंबोशीचा पत्ता नाय."

पाट काळुरामला मिळाला. सासऱ्याच्या उजव्या हाताला, जन्मभर. पण पहिल्याच सणाला सासूनं पुतळीच्या धाकानं दत्तात्रेयला आधी वाढलं आणि काळुराम त्या पाटावर बसून डावीकडे बघत जळत राहिला. जळायला विषय मिळाल्यामुळे त्याची तब्येतही सुधारली.

पुढच्या रविवारी दत्तात्रेय खरोखरच रोह्यापर्यंत गेला. सोनी तिथून सुटली, वाटेत कासूला उतरली, धोंडुबाईकडे भात खाल्ला आणि सावकाश घरी आली. आळीतली घड्याळं त्या दिवशी बिघडली ती अजून तशीच आहेत.

दत्तात्रेय गाडीनं परतला तेव्हा घरात वास भरला होता. पुतळीनं ताट वाढलं. भात, निवटे, आंबोशी घातलेली. आणि समोर बसली. त्यानं घास घेतला, मान डोलावली.

"झकास झालंय," तो म्हणाला.

पुतळी पळी हातात धरून तशीच बसून राहिली. "पन?"

दत्तात्रेयनं घाईघाईनं मोठा घास तोंडात भरला आणि बोलता येत नाही अशी खूण केली.